वर्गाने रचलेले गाणे

(प्राथमिक शिक्षक व पालक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



डिसेंबर आणि जानेवारी हे आपल्या शाळांचे स्नेहसंमेलनाचे दिवस. महिनाभर तालमी चालतात, वेशभूषा भाड्याने आणल्या जातात, पालक कौतुकाने पहिल्या रांगेत बसतात. या सोहळ्यात मुले जी गाणी म्हणतात, त्यांची निवड शिक्षक करतात. शब्द कुणा मोठ्या माणसाचे असतात, चाल ध्वनिमुद्रित असते, हावभाव बसवून दिलेले असतात. कुठे चित्रपटगीत असते, तर आपल्या विचारांच्या शाळांतून एखादे ओजस्वी समूहगीत असते. दोन्ही ठिकाणी मुलांच्या वाट्याला येते ते पाठांतर. पाठांतराचे महत्त्व मी कमी लेखत नाही. आपली ज्ञानपरंपराच मुळी कंठस्थ करण्याच्या साधनेवर उभी आहे. तथापि सहा ते दहा वर्षांच्या मुलाने वर्षभरात शंभर गाणी म्हणावीत आणि त्यांतले एकही त्याचे स्वतःचे नसावे, याचा आपण विचार करावयास हवा.

एवढ्या लहान मुलांना गाणे रचता येते का, असा प्रश्न विचारला जातो. तीन तपे प्राथमिक शिक्षणात काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, एकट्या मुलाला ते अवघड जाईल. परंतु वर्गाला ते निश्चित येते. वर्गाने मिळून रचलेल्या गाण्यातून भाषा, निरीक्षण आणि सामूहिकता यांचे जे शिक्षण घडते, ते अन्य कोणत्याही उपक्रमातून इतक्या सहजतेने घडत नाही. आजच्या व्याख्यानात मला याच एका गोष्टीचा ऊहापोह करावयाचा आहे.

परंपरा मिळून रचण्याची

मिळून गाणे रचणे ही कुणा परदेशी शिक्षणतज्ज्ञाने आपल्याला दिलेली कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही. पहाटे जात्यावर दोघी बसत. एकीने ओळ काढावी, दुसरीने ती पुढे न्यावी, शेजारणीने दुसऱ्या दिवशी तीच ओवी आपल्या भावाचे नाव घालून म्हणावी, अशा रीतीने ओवी वाढत गेली. साने गुरुजींनी या ओव्या ‘स्त्री जीवन’मध्ये संकलित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या महिलांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या लाखभर ओव्या रचणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. आपण कवयित्री आहोत, असे त्यांना कधी वाटले नाही, आणि तरीही महाराष्ट्राच्या घराघरांतील सुखदुःख त्यांनी शब्दांत जपून ठेवले.

आश्विनातील भोंडला, अर्थात हादगा पाहा. पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. भोंडल्याची कित्येक गाणी साखळीसारखी असतात. एक नाते झाले की दुसरे, एक जिन्नस झाला की पुढचा. ही रचना अशी आहे की, सात वर्षांच्या मुलीलाही त्यात एक कडी जोडता यावी. मंगळागौरीचे उखाणे तसेच. साचा सर्वांचा, भर प्रत्येकीची.

संघस्थानावरील सांघिक गीत आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. एक जण ओळ सांगतो, सगळे ती उचलतात. या गीतांखाली कवीचे नाव सहसा नसते आणि ते विचारण्याची कुणाला गरजही वाटत नाही. गीत समूहाचे होऊन जाते. आपल्या लोकगीतांत हेच तत्त्व रचनेच्या टप्प्यापासून होते. गाताना ‘आम्ही’ होण्याचा संस्कार आपण मुलांना देतोच. रचतानाही ‘आम्ही’ होण्याची संधी त्यांना द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

आठ अक्षरांचा साचा

आता प्रत्यक्ष कार्यपद्धतीकडे वळू. प्रथम साचा ठरवावा लागतो. मुक्तपणे लिहा, असे सांगितले की लहान मूल गोंधळते. त्याच्या हाती मोजता येईल असे काही द्यावे. संतांनी आपल्यासाठी तो साचा तयार ठेवला आहे. लहान अभंगाचे दोन चरण, प्रत्येकात आठ अक्षरे आणि शेवटी यमक. संस्कृतातील अनुष्टुभाच्या चरणातही आठच अक्षरे असतात. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नको, मात्रांचे गणित नको. जोडाक्षर एकच धरायचे, हे समजले की दुसरीतले मूलही बोटांवर आठ मोजू शकते. वारकऱ्यांच्या भजनी ठेक्याच्या मात्राही आठच. त्यामुळे टाळ्यांच्या साथीवर चरण आपोआप बसतो. पेटी-तबला नसला तरी अडत नाही. खंजिरी किंवा टाळांचा एक जोड पुरेसा होतो.

दुसरी पायरी विषयाची. ‘माझा देश’, ‘निसर्ग’ असे विषय प्रारंभी देऊ नयेत. अशा विषयांवर मुले पाठ्यपुस्तकातील वाक्येच परत करतात. शाळेची घंटा, घराजवळचा पार, आजीचा बटवा, वर्गात शिरलेली मांजर, असे डोळ्यांनी पाहिलेले आणि हातांनी हाताळलेले विषय घ्यावेत. पहिल्या दिवशी यमक नाही, चाल नाही, नुसत्या गप्पा. मूल जे बोलेल ते वाक्य, जसेच्या तसे, फळ्यावर. फळा भरला की कच्चा माल तयार झाला.

तिसऱ्या पायरीवर चार-पाच मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने फळ्यावरचे एक वाक्य निवडून ते आठ अक्षरांत बसवावे आणि त्याला जोड शोधावी. येथे खरी गंमत सुरू होते. अक्षर वाढले तर कोणता शब्द काढायचा? कमी पडले तर कोणता घालायचा? ‘पाहतो’ आणि ‘बघतो’ यांत अक्षरांचा फरक पडत नाही. पण ‘सूर्य’ आणि ‘दिनकर’ यांत पडतो, हे मुलांना आपोआप कळते. समानार्थी शब्दांचा धडा येथे शिकवावा लागत नाही, तो मुलेच मागून घेतात. एका शाळेत ‘घंटा’ या शब्दाशी झटापट करून तिसरीच्या मुलांनी या ओळी केल्या:

आमच्या शाळेची घंटा
मिटवी आमचा तंटा

मधल्या सुट्टीतला खेळ भांडणापर्यंत यावा, तेवढ्यात घंटा व्हावी आणि भांडण तेथेच राहावे, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. मोठा कवी घंटेला ज्ञानाची हाक वगैरे म्हणाला असता. घंटेचे हे कार्य मुलांनाच दिसले.

चौथी पायरी निवडीची. दोन गटांनी एकाच जागेसाठी दोन ओळी आणल्या, तर काय करावे? हात वर करून मतदान घेऊ नये. मतदानात हरणारी चार मुले गाण्यापासून दूर जातात. दोन्ही ओळी सगळ्यांनी टाळ्यांवर म्हणून पाहाव्यात. जिथे जीभ अडखळते, तिथे सगळ्यांनाच अडखळल्याचे कळते. मग ती ओळ देणारा गटही आपणहून ती बदलतो. कानाचा निर्णय कुणाला झोंबत नाही.

शेवटी गाणे मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावे आणि खाली वर्गातील सर्व मुलांची नावे अकारविल्हे लिहावीत. ज्याने तीन ओळी दिल्या त्याचे नाव आणि ज्याने एकच शब्द दिला त्याचेही नाव, सारख्याच अक्षरांत. या सर्व कामाला भाषेच्या पाच-सहा तासिका लागतात. दुसरीच्या वर्गात धृपद शिक्षकाने द्यावे आणि मुलांनी केवळ कडव्यातील शब्द भरावेत. चौथीच्या वर्गाला धृपदासकट संपूर्ण गाणे झेपते.

घरची बोली, शाळेची भाषा

सामूहिक रचनेत एक प्रश्न हटकून येतो, तो बोलीचा. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्याच्या परिसरातील एका शाळेत मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांची मुले हंगामापुरती दाखल झाली होती. म्हशीच्या पिलावर गाणे चालले होते. गावची मुले म्हणाली ‘रेडकू’, पाहुणी मुले म्हणाली ‘वगार’. गावच्या मुलांना तो शब्द ऐकून हसू आले. अशा वेळी शिक्षकाने कोणता शब्द शुद्ध हे सांगितले असते, तर विषय तेथेच संपला असता; त्याबरोबरच ती चार पाहुणी मुले त्या हंगामात पुन्हा बोललीही नसती. बाईंनी निर्णय दिला नाही. दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि विचारले, “आता काय करू या?” मुलांनी केले ते असे:

म्हणा रेडकू, वगार
पिते दुधाचीच धार

समरसतेवर आपण अनेक व्याख्याने देतो आणि ती आवश्यकही आहेत. परंतु कोपीवर राहणाऱ्या मुलाचा शब्द गावच्या गाण्यात मानाने बसला, हा समरसतेचा अनुभव त्या वर्गाने स्वतः घेतला. त्या मुलांना घरी सांगायला एक गोष्ट मिळाली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच वाट फार पूर्वी दाखविली. १९४५मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वनवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवावी, असा त्यांचा विचार होता. पाने, बिया, शंख-शिंपले हेच तेथील शैक्षणिक साहित्य. जे मुलाच्या परिसरात आहे, त्यातूनच शिक्षण उभे करायचे, हे त्या कार्याचे सूत्र. गाणेही याच सूत्राने घडावे, असे मला वाटते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. घरची भाषा शाळेत यायची असेल, तर ती मुलांच्या तोंडूनच येईल. तिला यायला दार हवे, आणि असे गाणे हे एक दार आहे.

कोणाची ओळ ठेवायची?

आता मी सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. मुले खरे बोलतात आणि खरे नेहमी सोयीचे असते असे नाही.

एका दुष्काळी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाने ‘पाणी’ हा विषय घेतला. त्यांचे पहिले कडवे असे झाले:

आला गावात टँकर
आजी म्हणे लवकर
हंडे लावले उन्हात
शाळा बुडाली पाण्यात

शेवटची ओळ पुन्हा ऐकावी. ज्या गावात पाणी नाही, त्या गावची शाळा पाण्यात बुडते. टँकरच्या रांगेत उभे राहण्यासाठी मुले शाळा बुडवतात, हे त्या नऊ वर्षांच्या मुलांनी आठ अक्षरांत सांगितले. त्यांनी काही चमत्कृती साधायची म्हणून हे केले नव्हते. त्यांना यमक हवे होते आणि रोजचा अनुभव जवळ होता.

गाणे वार्षिक कार्यक्रमात होणार होते. तालमीला आलेल्या काही मोठ्या मंडळींना ती ओळ खटकली. पाहुण्यांसमोर गावाचे उणे कशाला, गाण्यातून तक्रार कशाला, काहीतरी विधायक असावे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी पर्यायी ओळीही सुचविल्या:

पाणी म्हणजे जीवन
करू त्याचे संवर्धन

अक्षरे बरोबर आठ, यमक निर्दोष, विचार उदात्त. तरीही वर्गशिक्षकाने नम्रपणे सांगितले की, गाणे मुलांचे आहे, बदल मुलांना विचारूनच होईल. मुलांना विचारले. त्यांनी दोन्ही कडवी टाळ्यांवर म्हणून पाहिली आणि नवे कडवेही गाण्याच्या शेवटी घेतले. पण आपली ओळ काढली नाही. कार्यक्रमात गाणे तसेच झाले.

त्या ओळीमुळे गावाचा पाणीप्रश्न सुटला, असे काही मी सांगणार नाही. एका गाण्याने टँकर थांबत नाहीत. परंतु त्या शिक्षकाचा निर्णय योग्य होता, हे मी ठामपणे म्हणेन. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्याचा आरंभच सत्य बोलण्यापासून होतो. धर्माचरण आणि स्वाध्याय त्यानंतर येतात. आपण मुलांना सत्य बोलायला शिकवतो आणि ते बोलले की पाहुण्यांसाठी त्यावर पडदा टाकतो, तर कोणता संस्कार होतो? मुले आपल्या उपदेशापेक्षा आपली वागणूक अधिक लक्षात ठेवतात. राष्ट्रावर प्रेम करणारा नागरिक घडवायचा असेल, तर गावाचे दुःख त्याला दिसले पाहिजे आणि ते मोकळेपणाने, कुणाचा द्वेष न करता मांडता आले पाहिजे. त्या चार ओळींत कुणावर दोषारोप नाही, कुणाला शिवी नाही. जे आहे ते आहे.

यातून शिक्षकाचे पथ्य स्पष्ट होते. त्याने प्रश्न विचारावेत, फळ्यावर लिहावे, शुद्धलेखन पाहावे, वेळ सांभाळावी. आपली ओळ मात्र घालू नये. चांगली ओळ सुचलेल्या शिक्षकाला हे पथ्य फार जड जाते. पण शिक्षकाची एक चांगली ओळ गाण्यात आली की, मुले स्वतः शोधणे थांबवतात आणि पुढच्या ओळीसाठी त्याच्या तोंडाकडे पाहू लागतात.

काही शंका

पहिली शंका अभ्यासक्रमाची. वेळ कुठे आहे? या उपक्रमात अक्षरमोजणी आहे, जोडाक्षरे आहेत, समानार्थी शब्द आहेत, वाक्यरचना आहे, श्रवण आहे आणि लेखनही आहे. हा भाषेचाच तास आहे.

दुसरी शंका आपल्या मंडळींकडून येते. मुले स्वतःची गाणी रचू लागली, तर परंपरेने आलेली गाणी मागे पडतील का? अनुभव उलट आहे. ज्या मुलाच्या कानावर हरिपाठ, भूपाळी, भोंडल्याची गाणी आणि आजीच्या ओव्या पडल्या आहेत, त्यालाच चरण चटकन सापडतो. ज्याच्या कानावर काहीच पडलेले नाही, तो आठ अक्षरे मोजतो, पण त्याची ओळ गात नाही. म्हणून रचना आणि पाठांतर यांत विरोध नाही. घरातून ऐकणे नाहीसे झाले, तर मात्र शाळेतले रचणेही कोरडे होईल. येथे पालकांची आणि विशेषतः आजी-आजोबांची जबाबदारी येते.

तिसरी शंका अगदी अलीकडची. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की क्षणात गाणे मिळते, चालही मिळते. मग हा खटाटोप कशासाठी? कार्यक्रमासाठी केवळ गाणे हवे असेल, तर यंत्र ते देईल. परंतु ‘रेडकू’ की ‘वगार’ यावर झालेली चर्चा यंत्र देणार नाही. आपली ओळ अडखळते हे ओळखून ती मागे घेणारा मुलगा आणि त्याला नवा शब्द सुचविणारी त्याची मैत्रीण, हे त्या पाच-सहा तासिकांतच घडतात.

आपल्या हाती काय आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपणा सर्वांना त्याचा आनंद झाला. परंतु दर्जा भूतकाळातील वैभवाकडे पाहून मिळतो, भाषेचे भवितव्य मात्र तिच्यात आज नवे काय घडते यावर ठरते. आपल्यापैकी अनेकांची मुले आणि नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकत आहेत. त्याबद्दल येथे कुणाला दोष द्यावयाचा नाही. मात्र त्या मुलांची मराठी केवळ समजण्यापुरती उरू नये, तिच्यात त्यांनी काही घडवावे, यासाठी हा उपक्रम घरीही करता येईल. दिवाळीच्या सुट्टीत चुलत-मावस भावंडे एकत्र जमतात. फराळ, किल्ला, फटाके, आजोळचे अंगण यांवर आठ-आठ अक्षरांची दहा कडवी सहज होतील. आजीने चाल द्यावी, मुलांनी शब्द द्यावेत, आईबाबांनी फक्त लिहून घ्यावे. संस्कारवर्ग चालविणाऱ्या भगिनींनी आणि बालशाखांच्या शिक्षकांनी महिन्यातील एक दिवस यासाठी ठेवावा. गृहनिर्माण संस्थांच्या गणेशोत्सवात मुलांच्या नाचांच्या कार्यक्रमात एक जागा अशा गाण्याला मिळावी.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की, येत्या स्नेहसंमेलनात ठरलेली सर्व गीते अवश्य घ्या. त्यांत एक गाणे वर्गाने रचलेले असू द्या. ते थोडे वेडेवाकडे असेल. एखादे यमक जुळणार नाही, एखादा शब्द प्रमाणभाषेत बसणार नाही. निवेदकाने कवीचे नाव म्हणून वर्गातील सर्व मुलांची नावे वाचून दाखवावीत. त्याला दोन-तीन मिनिटे लागतील. त्या दोन-तीन मिनिटांत सभागृहातील प्रत्येक आईला आपल्या मुलाचे नाव ऐकू येईल, आणि आजवर कोणत्याही पारितोषिकासाठी ज्याचे नाव पुकारले गेले नाही, त्या मुलाचेही नाव त्यात असेल.